लघवीच्या गोळ्या आणि तीन पाळ्या

‘लघवीची गोळी चालू आहे’ असं पेशंट सांगतो, तेव्हा डॉक्टरला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. ती गोळी हृदयाचं पंपिंग कमी झाल्यामुळे दिलेली असू शकते. बीपीसाठी असू शकते, यकृत खराब होऊन पोटात साठलेल्या पाण्यासाठी असू शकते, काचबिंदूसाठी किंवा मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणूनही असू शकते. या औषधांची किडनीतली जागा वेगळी, शरीरातून जाणारे क्षार वेगळे आणि घोटाळेही वेगळे. घरात मात्र सगळ्यांना एकच नाव: लघवीची गोळी, फार तर ‘पाणी काढायची गोळी’.

पुण्याजवळ निगडीपासून भोसरीपर्यंत आणि पुढे मोशी ओलांडून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हा गोंधळ जास्त महागात पडतो. साठ-सत्तरच्या दशकांत गावाकडून येऊन टेल्को, बजाजमध्ये लागलेली पिढी आता प्राधिकरणात, यमुनानगरात निवृत्त होऊन बसली आहे. हृदय आणि किडनी दोन्ही थकलेल्या वयात. त्यांच्या मागची पिढी चाकणच्या लाइनवर उभी आहे आणि चाळिशीतच तिच्या खिशात बीपीची पट्टी आलेली आहे. लघवी वाढवणारी औषधं या दोन्ही पिढ्यांच्या वाट्याला येतात. औषधशास्त्रातली ही सर्वांत जुनी, स्वस्त आणि भरपूर तपासलेली औषधं आहेत, तेव्हा दोष त्यांचा नाही. अडचण अशी की ती लिहिताना पेशंटची पाळी कोणती, तो भट्टीजवळ काम करतो की एसी खोलीत, लाइन सोडून त्याला लघवीला जाता येतं का, हे सहसा कुणी विचारत नाही.

आधी किडनीत काय होतं ते पाहू. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत रक्तात घेतलं जातं, आणि हे परत घेणं मुख्यतः मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या जोरावर चालतं. सोडियम जिकडे जातं तिकडे पाणी जातं. नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म नळीच्या सुरुवातीच्या भागात गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे 65 टक्के परत घेतलं जातं, पुढच्या हेन्लेच्या वळणात सुमारे 25 टक्के, त्यापुढच्या दूरस्थ भागात पाच-सात टक्के आणि शेवटच्या गोळा करणाऱ्या नळीत दोन-तीन टक्के. लघवीची बहुतेक औषधं यांपैकी कुठल्या तरी एका जागी सोडियमची परतीची वाट अडवतात. जागा कळली की औषधाची ताकद, त्याचा वेळ आणि त्याचे तोटे बऱ्यापैकी ओळखता येतात.

सर्वांत जोरकस गट हेन्लेच्या वळणावर काम करतो. फ्युरोसेमाइड, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं लॅसिक्स, आणि टॉर्सेमाइड, म्हणजे डायटॉर वगैरे. पाणी फुप्फुसात चढून माणूस रात्री उठून बसतो, आडवं झालं की श्वास लागतो, पायांत बोट दाबलं तर खड्डा पडतो. अशा वेळी वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीपासून छोट्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे पहिलं इंजेक्शन लॅसिक्सचं असतं. त्याआधीच्या जमान्यात पाऱ्याची इंजेक्शनं दिली जात. त्यांचा हा गुण सापडला तोही अपघातानं. 1919 साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोग्ल या तरुणानं सिफिलिसच्या रुग्ण मुलीला पाऱ्याचं औषध दिलं, आणि परिचारिकेनं लिहून ठेवलेल्या लघवीच्या मोजमापावरून त्याच्या लक्षात आलं की लघवी कितीतरी पटींनी वाढली आहे. पारा विषारी, पण पर्याय नव्हता म्हणून तो पुढची तीसेक वर्षं चालला. फ्युरोसेमाइड साठच्या दशकात जर्मनीच्या होएक्स्टनं आणलं.

या गटाचा एक स्वभाव पेशंटला आणि काही वेळा डॉक्टरलाही ठाऊक नसतो. याला उंबरठा असतो. औषध नळीत ठराविक प्रमाणात पोचलं तरच ते काम करतं. त्याखाली दिवसातून चार वेळा दिलं तरी उपयोग नाही, आणि एका मर्यादेपुढे वाढवूनही फार काही मिळत नाही. किडनी अधू असेल तर उंबरठा गाठायला जास्त डोस लागतो. शिवाय तोंडानं घेतलेल्या फ्युरोसेमाइडपैकी सरासरी निम्मंच रक्तात उतरतं आणि तेही माणसागणिक बदलतं. आतड्यांनाच सूज असेल तर आणखी रेंगाळतं. टॉर्सेमाइड मात्र 80 टक्क्यांहून अधिक उतरतं, म्हणून 40 मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडच्या जागी 20 मिलिग्रॅम टॉर्सेमाइड पुरतं. या फरकामुळे टॉर्सेमाइड जीव जास्त वाचवत असेल असं बरीच वर्षं मानलं जात होतं. अमेरिकेत 2,859 रुग्णांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यूंच्या प्रमाणात काही फरक आढळला नाही. म्हणजे लॅसिक्सवर बरा असलेला माणूस शेजाऱ्याच्या सांगण्यावरून डायटॉरवर जाण्याचं कारण नाही. उलटही तितकंच खरं.

आता पाळीचा प्रश्न. फ्युरोसेमाइडची गोळी तासाभरात लागू पडते, पहिल्या दोन तासांत जोर करते आणि सहा तासांत ओसरते. टॉर्सेमाइड थोडं जास्त टिकतं. फर्स्ट शिफ्टचा माणूस पहाटे पाचला उठून गोळी घेतो, साडेपाचला कंपनीची बस पकडतो आणि औषधाचा सगळा जोर बस तळेगाव-चाकण रस्त्यावर अडकलेली असताना येतो. त्या रस्त्यावरची कोंडी ज्यानं पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. लाइनवर पोचल्यावर रिलीव्हर मिळेपर्यंत जागा सोडता येत नाही. 1948 च्या कारखाने कायद्यानं पाच तासांहून जास्त सलग काम नको आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी हवी असं घालून दिलं. पण तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लॅसिक्स घेतलेला कामगार नक्कीच नव्हता. मग माणूस काय करतो? कामाच्या दिवशी गोळी टाळतो आणि साप्ताहिक सुट्टीला घेतो. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय भरतात, जिना चढताना दम लागतो. तपासणीत डॉक्टरला वाटतं, डोस पुरत नाही. डोस वाढतो, आणि तो वाढीव डोसही सुट्टीच्याच दिवशी पोटात जातो.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त कुणी तरी बोलायला हवं. या गटाची गोळी सकाळीच घ्यावी असा काही नियम नाही. सकाळ सांगतात ती रात्रीची झोपमोड टळावी म्हणून. फर्स्ट शिफ्टवाला घरी पोचल्यावर दुपारी चारच्या सुमारास घेऊ शकतो, झोपेपर्यंत जोर ओसरलेला असतो. सेकंड शिफ्टवाल्याला सकाळी सात बरी. नाइटवाल्यानं झोप झाल्यावर, दुपारी एक-दोनला. हृदय फार कमकुवत असेल, दिवसातून दोन डोस असतील, तर वेळ डॉक्टरनंच बसवून द्यावी. पण पाळी बदलली की वेळ बदलायची असते, हे कागदावर लिहून दिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

याच गटाबद्दल या पट्ट्यात आणखी एक सावधगिरी लागते, ती कानांची. फ्युरोसेमाइडचा मोठा डोस शिरेतून झपाट्यानं दिला, विशेषतः किडनी निकामी असताना, तर ऐकू येणं कमी होऊ शकतं, कधी कायमचंही. सोबत जेंटामायसिन, अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन चालू असेल तर धोका वाढतो. स्ट्रेप्टोमायसिन हे नाव पिंपरीला नवं नाही. 1954 साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आधी पेनिसिलिन आणि पुढे तेही बनत असे. फोर्जिंगच्या हॅमरशेजारी वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान आधीच अर्धे गेलेले असतात, आणि आवाजानं येणारं बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेलं आहे. अशा माणसाला इंजेक्शन सावकाश द्यायचं, हे त्याच्या नोकरीबद्दल विचारल्याशिवाय सुचणार कसं? साध्या डोसच्या गोळीनं मात्र कान जातील अशी भीती धरू नये.

दुसरा गट थायझाइडांचा. याची ताकद कमी, कारण याची जागा पाच-सात टक्क्यांच्या भागात आहे. तरी जगभर सर्वाधिक आयुष्यं वाढवणाऱ्या औषधांत याचा नंबर वर लागेल. अमेरिकेतल्या मर्क शार्प अँड डोम कंपनीत कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, फ्रेडरिक नोव्हेलो प्रभृती सल्फा रेणूंवर काम करत होते. त्यांच्या हाती क्लोरोथायझाइड लागलं आणि 1958 मध्ये ते बाजारात आलं. बीपीसाठी रोज तोंडानं घेता येईल, सोसवेल आणि परवडेल असं हे पहिलं मोठं औषध. त्याआधी तीव्र रक्तदाबावर भाताचा बिनमिठाचा आहार किंवा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया असे उपाय होते. या शोधाला 1975 चा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे 2002 मध्ये ‘ऑलहॅट’ या प्रचंड अमेरिकी चाचणीनं दाखवलं की याच घराण्यातलं जुनं क्लोरथॅलिडोन महागड्या नव्या औषधांपेक्षा कुठंही कमी पडत नाही. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांवर इंडापामाइड वापरून केलेल्या ‘हायव्हेट’ चाचणीत (2008) मृत्यूही कमी झाले. एवढं असूनही थायझाइडला डॉक्टरांच्या गप्पांत मान नाही. जे औषध विकून कुणाला फार पैसे मिळत नाहीत, त्याची जाहिरात कोण करणार?

हे औषध बहुतेकांच्या पोटात त्यांना न कळता जातं. टेल्मिसार्टनच्या पट्टीवर नावापुढे ‘एच’ असतं, ते हायड्रोक्लोरोथायझाइड. काहींवर ‘सीएच’सारखी अक्षरं असतात, ते क्लोरथॅलिडोन. तीन औषधांच्या एकत्र गोळ्याही आहेत. पेशंट म्हणतो, ‘मला फक्त बीपीची एकच गोळी आहे, लघवीची नाही.’ मग दुसरा डॉक्टर सुजेसाठी आणखी एक लघवीचं औषध लिहितो. घरातली पट्टी दाखवली असती तर हे टळलं असतं. देशभरातल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्या उपक्रमाच्या साधारण क्रमात आधी अ‍ॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन आणि तिसऱ्या पायरीवर क्लोरथॅलिडोन येतं. म्हणजे सरकारी दवाखान्यातही ही गोळी दुर्मीळ नाही.

क्लोरथॅलिडोन बरं की हायड्रोक्लोरोथायझाइड, हा वाद पन्नासेक वर्षं चालला. क्लोरथॅलिडोनचं अर्धायुष्य 40 ते 60 तासांचं, म्हणजे चोवीस तास पुरतं. त्यामुळे तज्ज्ञांचा कौल त्याच्या बाजूनं होता. अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांवरच्या, 13,523 जणांच्या चाचणीनं 2022 मध्ये सांगितलं, हृदयविकार-पक्षाघाताच्या हिशेबात फरक नाही. क्लोरथॅलिडोनमध्ये पोटॅशियम मात्र जास्त घसरतं. माझं मत विचाराल तर किडनी चांगली असेल तिथं दोन्ही चालतील, जे सातत्यानं मिळेल आणि परवडेल ते घ्यावं. किडनी बरीच अधू असेल तर क्लोरथॅलिडोनला झुकतं माप द्यावं. थायझाइड अशा किडनीत काम करत नाही असं पूर्वी शिकवत. 2021 च्या ‘क्लिक’ चाचणीनं ते खोडून काढलं.

लाइनवरच्या माणसाला एक दिलासा: थायझाइडनं लघवी वाढते ती पहिले काही दिवस. नंतर शरीर जुळवून घेतं, लघवी जवळपास पूर्ववत होते आणि बीपी मात्र खालीच राहतं, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. त्यामुळे ‘शिफ्टमध्ये सारखं जावं लागेल’ या भीतीनं बीपीची ‘एच’वाली गोळी चुकवण्यात अर्थ नाही. भीती धरायचीच तर उन्हाळ्याची आणि भट्टीची धरावी.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फोर्जिंग, फाउंड्री, हीट ट्रीटमेंट इथं काम करणाऱ्याच्या अंगातून एका पाळीत काही लिटर घाम जातो, आणि घामासोबत मीठ. थायझाइड लघवीवाटे मीठ घालवत असतं. त्यात हे औषध किडनीची लघवी पातळ करण्याची क्षमताही कमी करतं, म्हणून नुसतं पाणी भरपूर प्यायलं तर ते शरीरात राहतं आणि रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा हे गणित बिघडायला चार दिवस पुरतात. सुरुवातीला पायांत गोळे येतात, मळमळतं, डोकं जड होतं, उभं राहिल्यावर अंधारी येते. ‘ऊन लागलं’ म्हणून घरी पाठवतात. म्हाताऱ्या माणसांत, त्यातही सडपातळ बायकांत, सोडियम बेताबाहेर घसरतं. मग असंबद्ध बोलणं, तोल जाणं, कधी फिट. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा लकवा आला. रक्तातलं सोडियम तपासलं की उलगडा होतो. ही तपासणी या पट्ट्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये होते आणि औषध सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती एकदा व्हायलाच हवी. त्यात पोटॅशियम, क्रिएटिनिनही कळतं. थायझाइडनं पोटॅशियम घसरतं, युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजू शकतो आणि साखर किंचित चढते. कॅल्शियम मात्र ते अडवतं. म्हणून कॅल्शियमचे खडे वारंवार होणाऱ्यांना हेच औषध देतात, तर हेन्लेच्या वळणावरचं लॅसिक्स उलट कॅल्शियम घालवतं.

आषाढी वारीतही हेच घडतं. देहू-आळंदी या पट्ट्यातच आहेत. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते आणि बीपीच्या गोळ्या घेणारी कितीतरी मंडळी तिच्यामागं चालतात. काही जणी वाटेत सोय नाही म्हणून गोळी पूर्ण बंद करतात, काही जणी सगळं तसंच घेत उन्हात चालतात. दोन्ही चूक. निघण्याआधी डॉक्टरला दाखवून डोस त्या दोन-तीन आठवड्यांपुरता बसवून घेता येतो.

तिसरा गट पोटॅशियम राखणारा: स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड. जागा शेवटची, दोन-तीन टक्क्यांची, म्हणून लघवी फारशी वाढत नाही. तरी 1999 च्या ‘रेल्स’ चाचणीत हृदय खूपच कमकुवत असलेल्या 1,663 रुग्णांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनच्या छोट्या डोसनं मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. म्हणजे इथं लघवी हा मुद्दाच नाही. अल्डोस्टेरोन नावाचं संप्रेरक हृदयाच्या स्नायूला जे नुकसान करतं ते हे औषध रोखतं. ‘लघवी तर वाढलीच नाही, मग गोळी कशाला’ म्हणून ती बंद करणारे बरेच भेटतात. त्यांना कुणी हे सांगितलेलंच नसतं. यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटातल्या पाण्यासाठीही स्पायरोनोलॅक्टोनच मुख्य. साधारण 100 मिलिग्रॅम त्याचं आणि 40 मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडचं असं प्रमाण ठेवून दोन्ही वाढवतात. तीन-चार औषधं घेऊनही न उतरणाऱ्या बीपीतही त्याचा चांगला उपयोग होतो.

त्याचा धोका मात्र उलट्या बाजूनं: पोटॅशियम वाढतं, आणि फार वाढलं तर हृदय थांबतं. ‘रेल्स’नंतर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सगळ्यांनी उत्साहानं स्पायरोनोलॅक्टोन लिहायला घेतलं, आणि पोटॅशियम वाढून भरती होणाऱ्यांचं प्रमाण 1994 मधल्या हजारी 2.4 वरून 2001 मध्ये हजारी 11 वर गेलं. चाचणीत रुग्ण निवडून घेतलेले असतात आणि त्यांचं रक्त वेळेवर तपासलं जातं. बाहेर तसं होत नाही. आपल्याकडे यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. टेल्मिसार्टन सोबत चालू असतं आणि तेही पोटॅशियम वाढवतं. ‘बीपीला चांगलं’ म्हणून घरात कमी सोडियमचं मीठ आणलेलं असतं; त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि अशक्तपणा वाटला की रोज शहाळं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. थायझाइड घेणाऱ्याला ते चालेल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला नाही. लघवीची गोळी कुठली हे ठाऊक असणं किती निकडीचं, ते इथं दिसतं. पुरुषांना या औषधानं छाती दुखते, थोडी वाढते. लाजेनं ते बोलत नाहीत आणि गोळी सोडून देतात. एप्लेरेनोननं हा त्रास क्वचित होतो. बोललं तर बदलून मिळतं.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. मॅनिटॉल ही साखरेसारख्या पदार्थाची सलाईन. ती नळीत शोषली जात नाही आणि पाणी ओढून धरते. पुणे-नाशिक रस्त्यावर हेल्मेटविना पडलेल्यांच्या मेंदूची सूज उतरवायला ती वापरतात. थंडीत बाटलीत स्फटिक धरतात, म्हणून लावण्याआधी कोमट करून हलवून पाहावी लागते. फुप्फुसात पाणी झालेल्याला ती दिली तर घात होतो. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, नळीच्या सुरुवातीलाच काम करतं, पण पुढचे भाग सोडियम परत घेतात म्हणून लघवीसाठी एकटं फार उपयोगाचं नाही. काचबिंदूत त्याचा उपयोग होतो आणि उंचीवर विरळ हवेचा त्रास टाळायलाही होतो. लेहला बाईकवर निघणारी निगडी-भोसरीची पोरं ते मित्राकडून मागून घेतात. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो, हे अपेक्षित असतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याखेरीज हात लावू नये. टोल्व्हॅप्टन मीठ सोडून नुसतं पाणी घालवतं, ते रुग्णालयातल्या देखरेखीतलं औषध. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात साखरेची औषधं. लघवीतून साखर आणि सोबत मीठ-पाणी घालवतात. 2019 पासून हृदय आणि किडनीसाठी, मधुमेह नसलेल्यांनाही, त्यांचा उपयोग सिद्ध होत गेला. भारतात पहिल्याचं पेटंट 2020 मध्ये आणि दुसऱ्याचं मार्च 2025 मध्ये संपलं, तशा किमती उतरल्या. या गोळ्यांवर असताना कडक उपास करू नये. साखर फार न वाढताही रक्त आम्ल होऊ शकतं.

सूज आहे म्हणजे लघवीची गोळी हवीच, हा समज या पट्ट्यात सर्वांत खर्चिक ठरतो. आठ तास सेफ्टी शूज घालून एका जागी उभं राहणाऱ्याचे घोटे संध्याकाळी सुजतात, ते शिरांमुळे. पाय वर करून झोपलं की सकाळी उतरतात. अ‍ॅम्लोडिपिनमुळेही घोटे सुजतात. त्यात बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत आणि पाणी झिरपून बाहेर पडतं. शरीरात पाणी जास्त नसतंच, त्यामुळे लॅसिक्सनं ही सूज उतरत नाही; उतरतं ते पोटॅशियम. मग पोटॅशियमचं सिरप आणि त्याच्या जळजळीसाठी अ‍ॅसिडिटीची गोळी. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजल्यानं तीन औषधं वाढली. अ‍ॅम्लोडिपिनचा डोस कमी केला किंवा सोबत टेल्मिसार्टन दिलं तर सूज बहुधा आटोक्यात येते.

आणि दुखण्याची गोळी. कंबर, खांदा, गुडघा धरलेला कामगार मेडिकलवर डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक मागतो आणि त्याला ते चिठ्ठीशिवाय मिळतं. टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख बीपीच्या रुग्णांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये दिसलं की या त्रिकुटानं किडनीला अचानक इजा होण्याचा धोका 31 टक्क्यांनी वाढतो, पहिल्या महिन्यात तर 82 टक्क्यांनी. भट्टीजवळचा घाम किंवा जुलाब यात मिळाले की काय होईल ते सांगायला चाचणी नको. पॅरासिटामॉलनं भागत असेल तर ते घ्यावं. जुलाब-उलट्या, खूप ताप असेल त्या दिवसांत लघवीची गोळी थांबवायची का, हे डॉक्टरला फोन करून विचारावं.

भोसरीच्या तालमींमधल्या मुलांसाठी वेगळं सांगायला हवं. वजनगटात बसायला लॅसिक्स घेऊन, पाणी तोडून दोन-तीन किलो उतरवण्याचा प्रकार कुस्तीत नवा नाही. ही औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. बंदीपेक्षा मोठा धोका हा की घटलेल्या पोटॅशियमसह आखाड्यात उतरलेलं हृदय कधीही ताल सोडू शकतं.

पुनर्नवा, म्हणजे आपली पावसाळ्यातली घेटुळी, आणि गोखरू यांचं नाव अशा चर्चेत निघतंच. दोन्हींमध्ये लघवी वाढवण्याचा गुण सांगितलेला आहे आणि घेटुळीची भाजी खायला काहीच हरकत नाही. पण काढा चालू करून हृदयाची गोळी बंद करणं, किंवा दोन्ही चालू ठेवून डॉक्टरपासून लपवणं, यानं नुकसान होतं.

मोठ्या कंपन्यांत डॉक्टर बसतो, वार्षिक तपासणी होते, कायम कामगाराला कार्डवर उपचार मिळतात. मोहननगरचं ईएसआय रुग्णालय महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकांसाठी आहे. ठेकेदाराकडचा हेल्पर मात्र दर वर्षी कंपनी बदलतो, त्याची जुनी तपासणी कुठंच नसते. त्याच्याबरोबर फिरतो तो फक्त खिशातला कागद. म्हणून कारखान्यांच्या डॉक्टरांना एक विनंती: लघवीचं औषध लिहाल तेव्हा चिठ्ठीवर औषधाच्या कारणासोबत पाळीही लिहा, आणि लाइनच्या सुपरवायझरला अशा माणसासाठी रिलीव्हरची सोय करायला सांगा. त्यात ना बजेट लागतं ना कमिटी.

आणि ज्यांच्या घरात अशी गोळी आहे त्यांनी पट्टीवरचं औषधाचं नाव पाहून ती यांपैकी कुठल्या गटातली आहे ते विचारून घ्यावं. हृदयाचा त्रास असेल तर रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणानं वाढलेलं नसतं, पाणी साठलेलं असतं. पायांवर सूज दिसेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.